आतलं पॉलिश

घरात तिला सगळे खटपटी म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसली होती. पुढे बरीच वर्षं तिने लोकांचे कॅमेरे दुरुस्त केले. मग एक दिवस तिच्या मनाने घेतलं, की दुसऱ्यांच्या चुका किती दिवस निस्तरायच्या? आता आपल्या चुका आपण करू. झालं, बाई कॅमेरे बनवायला लागली. लाकडी पेटी, पितळी पट्ट्या, मोडक्या कॅमेऱ्यांतून वाचवलेली भिंगं, आणि आत फिल्मचा रोल. मोबाइलच्या दिवसांत हे घेणार कोण, असं कोणी विचारलंच तर ती म्हणे, ज्याला घाई नाही तो घेईल. आणि घेत होते लोक, खोटं कशाला बोला!

कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीखाली लांब टेबल, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला सासरे. डिझाइन तिचं, भिंग आणि शटर तिचं, पेट्या सासऱ्यांच्या. म्हाताऱ्याने उभा जन्म फर्निचर केलेलं. त्यांनी घासलेल्या लाकडावर हात ठेवला की उचलावासा वाटत नसे. नवरा कामावरून आला की पॅकिंग करी आणि आपणच सगळा धंदा चालवतो अशा थाटात चहा मागे.

सासऱ्यांचं आणि सुनेचं एकाच गोष्टीवरून वाजे. ती पेटीच्या आतून काळा रंग मारी. कोरडा, खरखरीत, पाटीसारखा. सासऱ्यांना तो बघवत नसे. बाहेरून आरसा आणि आतून चूल, असं ते म्हणत. तिने सांगून पाहिलं होतं, की बाबा, ते तसंच लागतं. ते हूं म्हणत. पण त्यांचं ते हूं म्हणजे होकार नव्हे, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

त्यातच एका नावाजलेल्या फोटोग्राफरबाईंनी तिचा कॅमेरा घेतला. बाई फोटोग्राफीचे वर्ग घेत आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. घेतानाच म्हणाल्या होत्या, चांगला निघाला तर माझी सगळी मुलं तुमच्याकडे पाठवीन. वाईट निघाला तर तेही सगळ्यांना सांगीन. खटपटीला असली माणसं आवडत. सांगाच, म्हणाली ती.

आणि एका सकाळी बाईंचा फोन आला. सावलीतले फोटो उत्तम, पण समोरून उजेड आला की सगळा फोटो पांढुरका, धुतल्यासारखा. भिंगात खोट आहे, असं त्यांचं म्हणणं.

भिंगात खोट नाही, खटपटी म्हणाली, दुसरं काय आहे ते बघून सांगते, कॅमेरा घेऊन या. बाई त्याच दिवशी आणून देऊन गेल्या. तिने मागचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, आणि बोट सर्रकन घसरलं. तिच्या काळ्या रंगावर कोणीतरी बिनरंगाचं पॉलिश चढवलं होतं, आणि कोणीतरी म्हणजे कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आता त्यातली मेख अशी, की ती प्रत्येक कॅमेऱ्यावर एक रोल काढून तपासल्याशिवाय तो सोडत नसे. पण तपासून झाला की कॅमेरा बाहेरून शेवटचा हात मारायला सासऱ्यांकडे जाई. तपासणी आधी, पॉलिश मागून! हा उलटा क्रम तिनेच घालून दिलेला. म्हणजे बाहेर गेलेल्या बाकीच्या कॅमेऱ्यांतही हेच असणार. तिला सासऱ्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

नवऱ्याने शहाणपण शिकवलं. बाईंचा तेवढा दुरुस्त करून दे, बाकीच्यांना सांग उजेडाकडे तोंड करून फोटो काढू नका. आणि बाबांना तर बोलूच नकोस, खचतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ झाकेन रे," ती म्हणाली, "पण झाकण उघडल्याशिवाय यात रोल भरता येत नाही. माझं नाव लावून गेलेली वस्तू आहे ही."

तिने ज्यांच्याकडे कॅमेरे गेले होते त्या सगळ्यांना फोन केले आणि परत मागवले. दोघे-तिघे चिडले, एक तर नको नको ते बोलला. तिने ऐकून घेतलं.

मग ती सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. आढेवेढे न घेता सांगितलं, की आतलं पॉलिश तुम्ही केलंत आणि त्याने फोटो बिघडले. सासऱ्यांचा चेहरा उतरला. मग ते भडकले. उभ्या आयुष्यात माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही, म्हणाले, पॉलिशने कधी काही बिघडतं का?

"बघा तर खरं."

तिने दोन कॅमेरे खिडकीकडे तोंड करून मांडले. एक पॉलिशचा, एक अजून सासऱ्यांकडे न गेलेला, साध्या रंगाचा. फिल्मच्या जागी दुधी काच लावली, शटर उघडं ठेवलं आणि सासऱ्यांच्या डोक्यावर काळं फडकं टाकलं. साध्या रंगाच्या कॅमेऱ्यात समोरचं झाड पानं मोजावीत इतकं स्वच्छ उमटलं होतं. दुसऱ्यात तेच झाड, पण धुक्यातलं. खिडकीचा उजेड आत शिरून गुळगुळीत भिंतींवर आपटत होता आणि चित्रावर सांडत होता.

सासरे फडक्याखालून एकदा या कॅमेऱ्यात, एकदा त्या कॅमेऱ्यात बघत राहिले. तिला धास्ती वाटायला लागली, की नवरा म्हणत होता तेच खरं, आता हे हत्यारं ठेवून देतील. तिचं त्यांच्यावाचून चाललं नसतं असं नाही. तिला चालवायचं नव्हतं.

शेवटी सासरे बाहेर आले. केस विस्कटलेले, डोळे ओले. "सूनबाई," ते म्हणाले, "आधी दाखवायचं नाही का गं?"

बरोबरच होतं त्यांचं. सांगितलं होतं तिने, दाखवलं नव्हतं.

त्या दिवसापासून म्हातारा इरेला पेटला. पॉलिश पेपर घेऊन आपणच चढवलेली चमक आपणच खरवडायची, रंग मारायचा, वाळू द्यायचा, आणि फडक्याखाली जाऊन बघायचं. नवऱ्याने एकदा जेवायला हाक मारली तर फडक्यातूनच त्याला गप्प केलं.

ठरल्या दिवशी फोटोग्राफरबाई आल्या. संध्याकाळच्या गाडीने त्या दौऱ्यावर निघणार होत्या, कॅमेरा सोबत हवा होता. खटपटीने काय झालं ते सगळं सांगितलं, कोणाचं नाव न घेता. सासरे मध्येच म्हणाले, की ते मी केलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, मग कॅमेरा उचलून उजेडाकडे धरला, दुधी काचेत डोकावल्या आणि मान डोलावली. उत्तम आहे, म्हणाल्या, मुलांना पाठवते. आणि पिशवीची चेन उघडली.

सासऱ्यांनी हात पुढे केला. कॅमेरा घेऊन ते फडक्याखाली शिरले आणि बाहेर आले ते मान हलवतच.

"आज नाही मिळणार हा. खालच्या कोपऱ्यात अजून चमक आहे."

बाई म्हणाल्या, मला तर काही दिसलं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं. गिऱ्हाईक समोर उभं, गाडीची वेळ होत आलेली, आणि तिने स्वतः तो कोपरा सकाळीच पाहिला होता. तिलाही काही दिसलं नव्हतं.

"बाबा म्हणतायत म्हणजे असणार," ती म्हणाली. "त्यांनी सोडल्याशिवाय आता इथून काही जात नाही."

बाईंनी पिशवी खाली ठेवली, गाडीचं बघू, म्हणाल्या, आणि स्टूल ओढून सासऱ्यांच्या टेबलाशी बसल्या.

"बसा," सासरे मान वर न करता म्हणाले, "पण उजेड सोडून बसा."