सासूबाईंच्या मागची रांग

सुनेनं मंडईत थाई जेवणाचा गाळा घेतला, त्या दिवशी सासूबाईंनी घरात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "तिथला घास माझ्या तोंडात जायचा नाही." बोलल्या ते बोलल्या. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, मग दगड चुकीचा निघाला तरी बेहत्तर.

मंडईचा मुकादम दर शुक्रवारी एक वाजता फेरी मारायचा. ज्या गाळ्यापुढे रांग नाही, तो उचलून मागे मासे धुवायच्या हौदाशेजारी टाकायचा. माल कसा आहे हे तो विचारत नसे, त्याला रांग दिसली पाहिजे. कुलूपवाल्यानं एकदा घरातलीच नऊ माणसं पुढे उभी केली होती. तेव्हापासून कुलूपवाला मोठ्या दारापाशी ऐसपैस बसतो. नव्या गाळ्याला एका महिन्याची सूट असे. सुनेची सूट काल संपली होती, आणि तिच्यापुढे अजून चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

आज शुक्रवार. साडेबाराला सासूबाई मंडईत आल्या. जेवायला नव्हे, नुसती नजर टाकायला. गाळ्यापासून वीस पावलांवर उभ्या राहिल्या. सून एकटीच खलबत्त्यात गवती चहा कुटत होती, असं की जणू खलात मुकादमच पडलाय.

मागे कुणीतरी खाकरलं. पाहतात तर गळ्यात मोजपट्टी घातलेला शिंपी, आणि त्याच्यामागे दोन नर्सबाई.

"तुम्ही कशाला थांबलात?"

"तुम्ही थांबलात म्हणून," शिंपी म्हणाला. "तुम्ही उभ्या राहता तिथला माल खोटा नसतो."

यात खोटं काही नव्हतं. नासकी भाजी परत करून करून सासूबाईंनी इथले तीन भाजीवाले सुधारले होते आणि चौथ्याला धंदा बदलायला लावला होता.

"अहो, मी नुसतीच उभी आहे."

"आम्हीही नुसतेच आहोत," थोरली नर्स म्हणाली. "सावकाश होऊ द्या."

सासूबाई चिडून नळाकडे गेल्या. रांगही गेली. त्या ओंजळभर पाणी प्यायल्या, तर तोवर मागे जमलेले सतरा जण नंबरानं पाणी प्यायले. त्यांनी कांद्याच्या ढिगाला वळसा घातला, रांगेनंही घातला. मध्ये घुसणाऱ्या एकाला रांगेतल्यांनी "मागून या" म्हणून हाकललं. शेपटाकडच्यानं विचारलं, "काय मिळतंय?"

"माहीत नाही, पण ताजं आहे म्हणे."

एकाला पाच कमी असताना मुकादमाची शिट्टी वाजली. सुनेनं मान वर केली. मंडईभर रांग, तोंडाशी आपल्याच सासूबाई, आणि आपल्या गाळ्यापुढे कोणी नाही. तिनं हाक मारली नाही. दहा वर्षं त्याच घरात काढलेली बाई, तीही काय कमी होती.

मुकादम आला. "ही रांग कोणाची?"

"आमची," कुलूपवाला बसल्या जागेवरून म्हणाला.

सासूबाईंचं डोकं सणकलं. "तुझ्यासाठी मी रांग लावीन? तुझं कुलूप किल्लीवाचून उघडतं मेल्या, नुसतं दटावलं की पुरे." आणि ताडताड चालत त्या सुनेच्या गाळ्यापुढे जाऊन ठाकल्या. मागोमाग अख्खी रांग.

"काय देऊ?" सुनेनं विचारलं, परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"मला काही नको. मी उभी आहे फक्त."

"मग ही रांग धरता येणार नाही," मुकादम म्हणाला. "खाणाऱ्यांची ती रांग, उभ्यांची ती गर्दी."

सासूबाईंनी एकदा हौदाकडे पाहिलं. तिथून माशांचा वास इथवर येत होता.

"नूडल्स दे," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"तिखट किती?"

"दहा वर्षं वाढतेस मला, अजून विचारतेस?"

सुनेनं वाडगा भरला. सासूबाईंनी घास घेतला. एकोणीस जणांनी श्वास रोखून त्यांच्या जबड्याकडे पाहिलं. त्या चावत राहिल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, सुनेसाठी तर मुळीच नाही.

"लिंबू कमी आहे."

रांग मागच्या मागे डुलली. सुनेनं अर्धं लिंबू पिळलं. दुसरा घास गेला.

"आता खाण्यासारखं आहे."

शिंप्यानं पुढे हात केला. मुकादमानं गाळ्याच्या खांबावर खडूनं खूण केली आणि स्वतः शेपटाशी जाऊन उभा राहिला.

वाडगा संपवून सासूबाई निघाल्या. दोन पावलं टाकली न टाकली, तोच मागे चपलांचा आवाज. शिंप्यानं हातातला वाडगा तसाच धरून वळण घेतलं होतं, नर्सबाईही वळल्या होत्या.

"आई, तुम्ही निघालात तर सगळे निघतील," सून हलक्या आवाजात म्हणाली.

"कळतं मला. भर दुसरा वाडगा."

तिसऱ्या वाडग्याला सुनेनं स्टूल पुढे सरकवलं. "बसून तरी खा."

"बसले तर हे सगळे खाली बसतील, आणि मुकादम म्हणेल ही पंगत आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून उभ्यानंच नूडल्स ओढू लागल्या.