नियमात बसणारी जाहिरात

शिलाई मशिनच्या मिस्त्रींनी दुकान बंद केलं, तेव्हा हाताला काम उरलं नाही आणि तोंडाला लगाम उरला नाही. आईच्या डोक्याचा ताप कमी व्हावा म्हणून लेकीने त्यांना फोनवर एक गट काढून दिला, जुन्या पायमशिनी वापरणाऱ्यांचा. वर्षभरात चारशे माणसं जमली. कुणाचा दोरा तुटायचा, कुणाचा पट्टा निसटायचा, आणि मिस्त्री जेवण अर्धवट टाकून उत्तर द्यायचे.

नियम एकच होता. जाहिरात टाकायची तर आधी मिस्त्रींना दाखवायची, आणि ती मशिनशी संबंधितच हवी. केसांचं तेल, प्लॉट, वजन उतरवायची पावडर, सगळ्यांना त्यांनी वाटेला लावलं. सुयांची जाहिरात आली तरी पाकीट मागवून, जाड कापडावर चालवून बघितल्याशिवाय परवानगी नाही.

"जावई निवडताना एवढी चौकशी केली नव्हतीत," बायको म्हणायची.

"म्हणून तर आता करतोय."

मग एका व्यापाऱ्याची जाहिरात आली. जुनी पायमशीन, चालू किंवा बंद, घरी येऊन नेऊ. मिस्त्रींना वाटलं, दुधात साखर. अडगळीतल्या मशिनी दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊन पुन्हा चालतील. तपासून बघायला यात वस्तूच नव्हती, म्हणून त्यांनी काहीच तपासलं नाही. उलट ती गटाच्या वरच्या बाजूला कायमची लावून ठेवली आणि खाली स्वतः लिहिलं, 'खात्रीचा माणूस आहे.'

पुढच्या चार महिन्यांत गटावरचे प्रश्न कमी होत गेले. मिस्त्रींना वाटलं, शिकवलेलं लोकांच्या अंगी लागलं. स्वतःची समजूत घालायची वेळ आली की माणूस फार हुशार होतो.

गेल्या आठवड्यात लेकीने त्यांना एका नव्या हॉटेलात चहाला नेलं. तिथल्या प्रत्येक टेबलाला पायमशिनचा लोखंडी सांगाडा होता आणि वर गुळगुळीत फळी. मिस्त्री खाली वाकले. पायडलच्या खिळीच्या जागी सायकलची तार होती, दोन वेढे देऊन आत वळवलेली. ही युक्ती त्यांचीच. गटातल्या एका काकूंना त्यांनी ती तीन दिवस, फोटो मागवून मागवून समजावली होती. काकूंना ते कधी भेटले नव्हते, पण सांगाड्याच्या डाव्या पायावरचा हिरव्या रंगाचा ओघळ त्या फोटोंतलाच होता.

"वरच्या मशिनी कुठे गेल्या?" त्यांनी वेटरला विचारलं.

"त्या भंगारात गेल्या, काका. मालकांना फक्त पाय हवे होते."

मिस्त्रींनी पायडल दाबलं. ते छान खालीवर झालं.

"बाबा, चहा गार होतोय," लेक म्हणाली. मिस्त्रींना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

घरी येऊन चपला न काढताच ते गटावरची जाहिरात काढून टाकायला बसले. व्यापाऱ्याचा निरोप आधीच येऊन पडला होता. 'आमची जाहिरात काढून टाका. तुमच्या गटात आता कुणाकडे मशीन उरलेली नाही, उगाच जागा अडते.'

त्यांनी जाहिरात काढली. यादीत चारशे नावं तशीच होती. बराच वेळ विचार करून त्यांनी गटावर लिहिलं, 'कुणाचं काही अडलंय का?'

संध्याकाळपर्यंत एकच उत्तर आलं, काकूंचं.

'नाही मिस्त्री. आता काही अडत नाही.'