कोट क्रमांक सातची धूळ

दिनांक १७ फेब्रुवारी २०२६, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. अग्निशमन केंद्राच्या लांब टेबलावर पांढरा कागद अंथरून मला उताणे ठेवले गेले. हातमोजे घातलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी माझ्या बाह्या, गळपट्टी आणि खिसे यांवरून एकूण चौदा नमुने घेतले. मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, आगीत शिरणाऱ्या माणसाचा. माझा क्रमांक सात. त्या नमुन्यांत काय सापडणार, हे मला आधीच ठाऊक होते. ते का ठाऊक होते, हे सांगायचे तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

२०१४ साली एका कारखान्यात मी शिवला गेलो. माझे अंग तीन थरांचे आहे. बाहेरचा थर ज्वाळा सोसतो, मधला पाणी अडवतो, आतला उष्णता रोखतो. गळ्याच्या आत एक पांढरी पट्टी आहे आणि तिच्यावर छापलेले आहे : प्रत्येक आगीनंतर धुवावे. हे मला दिलेले वचन आहे, असे मी समजून चाललो होतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेच्या केंद्रात माझी नेमणूक झाली. केंद्रात जवान बारा, बंब एक आणि प्रत्येकाला कोट एकच. मी सयाजींच्या वाट्याला आलो. ते उंच, मितभाषी, हाताला काम असले की सुखी असणारे गृहस्थ होते. आमची पहिली आग उसाच्या फडाची. त्यानंतर चिपाडाचे ढीग झाले, गाद्यांचे दुकान झाले, टायरांचे कोठार झाले. पलूसच्या वाटेवरचे प्लास्टिकच्या नळ्यांचे गोदाम तर सलग एकतीस तास जळत होते. अकरा वर्षांत आम्ही दोघे दोनशे बारा आगींत शिरलो आणि प्रत्येक वेळी मी त्यांना कातडीला फोडही न येता बाहेर आणले. त्याचा मला फार अभिमान होता.

परंतु मित्रांनो, ज्वाळा हा शत्रू निदान समोर दिसतो. त्या विझल्या की जवान श्वसनाचे मुखवटे काढून ठेवीत, फावडी घेत आणि राख उकरून खालचे निखारे शोधीत. वितळलेले प्लास्टिक, रंग, फुटलेले सिमेंटचे पत्रे या सर्वांची मिळून पिठासारखी बारीक धूळ उडे. ती श्वासावाटे सयाजींच्या आत जाई आणि उरलेली माझ्या विणीत बसे. मी ती धरून ठेवी, कारण पुढे धुलाई होणार होती.

धुलाई झाली नाही. केंद्रप्रमुख उदयसिंह हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माणूस शिस्तीचा आणि मनाने स्वच्छ. त्यांचा हिशेब सरळ होता : कोट धुतला तर वाळायला दोन दिवस लागतात, आणि मधेच आग लागली तर जवान काय घालून जाणार? त्यांनी दुसऱ्या कोटांची मागणी नगरपालिकेला चार वेळा कळवली. चारही वेळा ती विचाराधीन राहिली. माझ्या खुंटीपासून दहा पावलांवर सहा हजार लिटर पाण्याने भरलेला बंब उभा असे आणि मी काळाच राही.

पुढे या काळेपणालाच मान मिळू लागला. खंडेनवमीला आमच्या केंद्रात बंब, नळ्या आणि कुऱ्हाडी यांच्यासोबत कोटांचीही पूजा होते. ज्याचा कोट सर्वांत काळा, त्याच्या कोटाला पहिला हार. सलग पाच वर्षे तो हार मला मिळाला. बंबाचा चालक याकूब चेष्टेने म्हणे, "सया, तुझ्या कोटावर आता ज्वारी पेर गड्या, भुई तयार हाय!" सगळे हसत, आणि मी झेंडूच्या फुलांखाली फुगून जाई. तो हार म्हणजे माझी पहिली फसवणूक होती. मीही तिच्यात आनंदाने सामील होतो.

शंका घेणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सयाजींच्या पत्नी क्रांती. कधी सयाजी मला घालूनच घरी येत. त्या दारातच अडवीत. "आवं, आदी ते बाहेर काढा. उशीला सुदीक वास लागतोय त्याचा."

"वास न्हाई गं त्यो. नोकरी हाय आपली."

"नोकरी फाटकाबाहेर टांगा मग!"

सयाजी हसून मला कुंपणावर टांगीत. क्रांतींच्या शंकेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

गेल्या श्रावणात सयाजींची पाठ दुखू लागली. मग जिना चढताना धाप लागू लागली. सांगलीच्या रुग्णालयात हाडातली मज्जा तपासली, तेव्हा रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर बाईंनी त्यांना सरळ सांगितले की आग विझवणाऱ्यांना कर्करोगाचा धोका अधिक असतो हे जगभर मान्य झालेले आहे. एका माणसाच्या आजाराचे कारण खात्रीने दाखवता येत नाही, तरीही त्यांच्या अंगावर काय उडत होते ते तपासता येईल. "कोट असेल तसा ठेवा. धुऊ नका," असे त्या म्हणाल्या.

सयाजींनी नगरपालिकेकडे अर्ज केला. स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही. उरलेल्या अकरा जवानांचे रक्त दरवर्षी तपासावे, एवढीच मागणी होती. आजार लवकर सापडला तर उपचाराला वेळ मिळतो. चौकशी समिती नेमली गेली आणि पुरावा ठरलो मी. सयाजींच्या सांगण्यावरून याकूबने मला गोणीत बांधून खुंटीला अडकवले. कोट धुऊ नका, हे मात्र त्याने कोणालाच सांगितले नाही. ज्या केंद्रात अकरा वर्षांत एकही कोट धुतला गेला नव्हता, तिथे तशी ताकीद देण्याची गरज त्याला वाटली नाही.

समिती येणार असल्याचा निरोप दोन दिवस आधी आला. याकूब बंब घेऊन एका आगीच्या वर्दीवर गेला होता. उदयसिंहांनी गोणी सोडली, मला पाहिले आणि स्वतः बाह्या सरसावल्या. सोडा, ताठ ब्रश, तीन पाणी. त्यांनी शिवण न् शिवण घासली, अस्तर उलटे करून घासले, खिसे उलटे करून झटकले. ज्या धुलाईची मी अकरा वर्षे वाट पाहिली, ती चालू असताना मला ओरडायचे होते. माझ्यातली सयाजींची साक्ष काळ्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जात होती.

याकूब परतला तेव्हा मी दोरीवर निथळत होतो.

"सुभेदार, काय केलंसा हे?"

"साहेब लोक येणार हायत. मळका कोट फुडं टाकू व्हय त्यांच्या? सयाची काय अब्रू हाय का न्हाई?"

"आवं, त्या मळातच तर सगळं व्हतं!"

"काय व्हतं?"

"सयाच्या अंगात काय गेलं, त्ये."

उदयसिंहांनी हातातला ब्रश बादलीत टाकला. मग ते तिथेच, ओल्या फरशीवर, खाली बसले. "मला सांगायचं न्हाईस व्हय रं..." एवढेच ते म्हणाले. समितीसमोर त्यांनी स्वतः उभे राहून खरे ते सांगितले. ते टिपून घेतले गेले. मात्र निष्कर्ष त्या चौदा नमुन्यांवरच काढला गेला. अहवालात लिहिले होते की कोट उत्तम स्थितीत असून त्यावर मोजण्याजोगी धूळ आढळली नाही.

उदयसिंहांवर माझा राग नाही. माझा राग त्या रीतीवर आहे, जिच्यात माणसासाठी अकरा वर्षे पाणी मिळत नाही आणि साहेबांसाठी एका दुपारी मिळते. मला अंगावर घालणाऱ्या माणसाशी मी दगाफटका केला, तोही मला दिलेल्या वचनावर विसंबून.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी खडी फोडून, रंग मारून किंवा आग विझवून येत असेल, तर त्याचे कपडे दाराबाहेर उतरवून घ्या, वेगळे भिजवा आणि त्याच दिवशी धुवा. अंगावरच्या धुळीला शौर्य म्हणू नका. आणि तो माणूस धापा टाकू लागला, तर वयाचे कारण काढून गप्प बसू नका.

सयाजींवर उपचार चालू आहेत. अर्जाचा निकाल ९ एप्रिलला लागला. वार्षिक रक्ततपासणी मंजूर झालेले जवान : शून्य.