संत मरिनाच्या अंगणातला हंडा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुधा हसतात. माझ्या पोटात दोन मुले गुडघे जवळ घेऊन सहज लपू शकतील, आणि लपाछपी खेळताना ती लपलीही आहेत. मी तांब्याचा हंडा, वयाने बराच जुना. ग्रीसच्या एका बेटावर, मेलिसी नावाच्या डोंगरातल्या गावी, संत मरिनाच्या छोट्या चर्चमागच्या कोठीत मी राहतो. वर्षातले बहुतेक दिवस मी तिथे पालथा पडलेला असतो. जुलैत संत मरिनाचा सण आला की मला बाहेर काढून उताणा करतात आणि माझ्याभोवती सारे गाव जमते.

माझा जन्म गावातल्या बायकांमुळे झाला. पूर्वी सणाचे जेवण घरोघरी वेगळे शिजत असे. ज्याच्या घरी बोकड असे, तो बोकड खाई. ज्याच्याकडे नसे, तो दार लावून घेऊन पाव आणि ऑलिव्ह खाई. एका वर्षी बायकांनी ठरवले, की आत चर्चमध्ये सगळ्यांना एकाच भाकरीतला तुकडा मिळतो, तर बाहेर अंगणात जेवणही एकच असायला हवे. त्यांनी घरातली मोडकी तांब्याची भांडी गोळा केली. कुणी गळकी घागर दिली, कुणी वारलेल्या सासूची कॉफी करायची भांडी दिली. तांबटाने ती सगळी वितळवली आणि ठोकून ठोकून मला घडवले. मला बायकांच्या हवाली करताना तो म्हणाला, "इतक्या जणींच्या सासवा एका हंड्यात घातल्यात. सांभाळा हं, आतून भांडणाचा आवाज येईल!"

भांडण कधी झाले नाही. झाले ते एवढेच, की सणाच्या दिवशी मेलिसीत कुणाच्याही घराचे दार बंद राहिले नाही.

माझ्यात गहू आणि बोकडाचे मटण शिजते. पहाटे चूल पेटते आणि मग लाकडी चाटूने सतत ढवळावे लागते. हात थांबला की गहू तळाला लागलाच. आत उपासना चालू असते, बाहेर ढवळणे चालू असते. उपासना संपली की धर्मगुरू क्रूस घेऊन बाहेर येतो, माझ्यापाशी उभा राहून अन्नाला आशीर्वाद देतो, गावातल्या गेलेल्या माणसांची नावे घेतो, आणि मग ताटे पुढे येतात.

पुष्कळ वर्षे माझ्यातला चाटू स्तामातिस गवंड्याच्या हातात होता. दगड उचलून उचलून त्याचे दंड ऑलिव्हच्या खोडासारखे झाले होते. त्याच्या हातचा गहू लोण्यासारखा होई. गावाचा धर्मगुरू आनेस्तिस हा त्याचा लहानपणचा सोबती. सगळे गाव त्याला 'पापा' म्हणे आणि वाकून त्याचा हात चुंबी. स्तामातिस एकटाच त्याला अरे-तुरे करी.

स्तामातिसला एकच मुलगा होता, फानिस. एका फेब्रुवारीत तो मासे धरायला समुद्रावर गेला. वादळानंतर होडी किनाऱ्याला लागली. फानिस आलाच नाही. पुरायला देहसुद्धा मिळाला नाही. स्तामातिस चर्चच्या दारापर्यंत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आनेस्ती, तुझ्या देवाला सांग, हा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही." पापा नुसता रडला.

त्या वर्षी सणाला स्तामातिस आला नाही. चाटू तरुण पोरांनी धरला. ती पोरे गप्पा मारत राहिली आणि गहू करपला. मित्रांनो, मला फार लाज वाटली. तरी लोक मुकाट्याने जेवले. स्तामातिसची बायको कलिओपी हिने एक ताट घरी नेले. पुढचे मला तिच्याच तोंडून कळले. स्तामातिसने एक घास घेतला आणि तो ताडकन उठला.

"कुणी ढवळलं हे? गाढव बांधलं होतं का चुलीपाशी?"

"तू नव्हतास ना. मग जो भेटला त्यानं ढवळलं," कलिओपी म्हणाली.

पुढच्या सणाला तो उजाडायच्या आत हजर झाला. पापाला पाहताच त्याने आधीच बजावले, "मी हंड्यासाठी आलोय. आत यायचा नाही."

पापा म्हणाला, "तुला आत बोलावलंय कुणी? आत चुलीला जागा तरी आहे का? चल, विस्तव नीट कर."

मग वर्षे जात राहिली. स्तामातिस दर सणाला येई, बाहेर उभा राही आणि ढवळी. गाव त्याला एका शब्दाने काही विचारत नसे. उघड्या दारातून आतले गाणे बाहेर येई. 'प्रभू, दया कर' हे शब्द आत पुन्हा पुन्हा गायले जात, आणि चाटूची लय हळूहळू त्या शब्दांना मिळत गेली. त्याचे ओठसुद्धा हलत. त्याला स्वतःला ते ठाऊक होते की नाही, कोण जाणे. मी मात्र अगदी जवळ होतो, मला दिसत होते. शेवटी पापा बाहेर येऊन नावे घेई. 'फानिस' हे नाव आले की स्तामातिस मान खाली घालून माझ्यात पाहत राही. वाफेने चेहरा ओला झाला, असे म्हणायची त्याला सोय होती.

मग एका शरद ऋतूत भूकंप झाला. मी पालथा होतो म्हणून वाचलो. चर्चच्या घुमटाला मात्र मोठी भेग गेली. अधिकारी येऊन दाराला कुलूप लावून गेले. पापा थकला होता. त्याने सांगितले, "लेकरांनो, घरीच प्रार्थना करा. देव सगळीकडे आहे."

ते खोटे नव्हते. तरी पुढच्या जुलैत सण झाला नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. एकदा कलिओपी कोठीत मेणबत्त्या शोधायला आली तेव्हा पापाला म्हणाली, "पापा, घरी मी दोन ओळी म्हणते आणि मला चुलीवरचं दूध आठवतं. एकटीचा आवाज ऐकून माझा मलाच कंटाळा येतो. आणि स्तामातिसचं तर विचारूच नका. दिवसभर भिंतीकडं बघत बसतो. फानिस गेला तेव्हा बसला होता, तसाच."

मित्रांनो, माझीही दशा वाईट होती. कल्हई उडाली होती, अंगावर हिरवा गंज चढला होता. कोळ्याने माझ्या कडेला जाळे विणले होते. आपण आता मोडीत जाणार, असे मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात कोठीचे दार धाडकन उघडले. स्तामातिस होता. आता पाठीतून वाकलेला, हातात काठी. माझ्याकडे पाहून तो ओरडला, "अरे, काय करून ठेवलंय याचं!" आवाज ऐकून पापा धावत आला.

"सण कधी आहे?" स्तामातिसने विचारले.

"चर्च बंद आहे रे, स्तामाती."

"मग? मी कधी आलो होतो चर्चमध्ये? अंगण पडलंय का?"

 पापा हसू लागला. हसता हसता त्याला दाराचा आधार घ्यावा लागला.

स्तामातिसने मला वाळू आणि व्हिनेगर लावून घासले, शहरात नेऊन कल्हई करून आणले. मी आतून आरशासारखा चमकू लागलो. सणाच्या दिवशी तुतीच्या झाडाखाली एक टेबल मांडून त्यावर पांढरे कापड घातले. तीच वेदी झाली. चुलीची जागा त्या झाडापाशीच ठरलेली होती, ती हलवता येत नव्हती. त्यामुळे वेदी माझ्या शेजारीच आली. अथेन्सला गेलेली मुले-नातवंडेही आली होती. सगळे गाव माझ्याभोवती आणि वेदीभोवती उभे राहिले, आणि त्यांच्या अगदी मधोमध, हातात चाटू घेऊन, स्तामातिस!

इफ्रोसिनी आजी म्हणजे गावातले सर्वांत तिखट तोंड. ती हळूच म्हणाली, "काय रे, तू आत जाईनास, म्हणून चर्चच तुझ्यापाशी आलं की!"

"गप गं म्हातारे, उपासना चाललीय," स्तामातिस पुटपुटला.

शेवटी पापा आशीर्वादाच्या भाकरीचे तुकडे वाटू लागला. रांग लागली. कलिओपीने नवऱ्याच्या हातातून चाटू काढून घेतला. "दे इकडं. बघते मी. जा तू."

तो क्षणभर थांबला. मग गेला. पापाच्या हातातून त्याने तुकडा घेतला आणि वाकून त्याच हाताचे चुंबन घेतले. लहानपणच्या सोबत्याचा हात त्याने आयुष्यात प्रथमच चुंबला. नंतर पापा माझ्यापाशी आला, अन्नाला आशीर्वाद दिला आणि नावे घेऊ लागला. फानिसच्या नावाआधी त्याने स्तामातिसकडे पाहिले. तेव्हा स्तामातिस मोठ्याने म्हणाला, "आणि माझा फानिस." सारे गाव एकदम म्हणाले, "प्रभू, त्याला विसावा दे." त्या दिवशी माझ्यात एक दाणाही उरला नाही.

आता घुमट दुरुस्त झाला आहे. चर्चचे दार उघडले त्या रविवारी स्तामातिस कलिओपीच्या हाताला धरून आत गेला. सणाच्या दिवशी चाटू तरुणांकडे असतो आणि तो आत उभा राहतो. पण त्याला राहवत नाही. ऐन प्रार्थनेत तो बाहेर डोकावतो आणि पोरांना दटावतो, "तळापासून ढवळा रे!" मग पापा आतून खाकरतो आणि तो निमूट परत जातो.

मित्रांनो, मी तृप्त आहे. मला घडवणाऱ्या बायकांचा मी ऋणी आहे, आणि मला घासणाऱ्या त्या म्हाताऱ्या हातांचाही. तुमच्या गावातही माणसे जिथे मिळून प्रार्थना करतात आणि मिळून जेवतात, अशी एखादी जागा असेल. ती झाडा, सारवा, तिथली भांडी कळकू देऊ नका. आणि तिच्या दाराबाहेर कुणी रुसून उभा असेल, तर त्याला ओढून आत नेऊ नका. त्याच्या हातात काहीतरी काम द्या, आणि दार उघडे ठेवा.