एक बाटली आणि दोन डोकी

मी केसांच्या औषधाची बाटली बोलतेय. तेलाची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. तेलाच्या बाटल्यांशी माझं नातं जोडलेलं मला खपत नाही. त्या जाहिरातीत गुडघ्यापर्यंत केस दाखवतात आणि घरी आल्यावर उशीचा अभ्रा खराब करतात. मी तसली आश्वासनं देत नाही. माझ्या पोटातलं औषध जाणाऱ्या केसांचा हात धरून त्यांना थोडं थांबवतं, जमलं तर उरलेल्यांना जरा बाळसं आणतं. तेही रोज न चुकता लावलं तर. लावायचं सोडलं की केस पुन्हा आपल्या वाटेने जायला मोकळे.

माझा जन्म एका कारखान्यात, फिरत्या पट्ट्यावर झाला. आम्ही हजारो बहिणी एका रांगेत उभ्या होतो. साठ मिलीलिटर औषध पोटात, पांढरं झाकण डोक्यावर आणि सोबतीला एक ड्रॉपर. तिथून खोक्यात बसून मी पालघरला दिनानाथच्या औषधांच्या दुकानात आले.

दिनानाथ भला माणूस. बावीस वर्षं दुकान चालवतोय. स्वतःच्या डोक्यावर शपथेला केस नाही, पण माझी शिफारस करताना कधी अडखळला नाही. त्याच्या काचेच्या कपाटात बसून मी माणसांची एक गंमत पाहिली. माझ्यासाठी आलेला ग्राहक आधी माझं नावच काढत नाही. तो तापाची गोळी मागतो, मग खोकल्याचं औषध, मग पट्टी. दुकान रिकामं झालं की काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "मित्रासाठी पायजे होतं." मित्राचे केस गळतात आणि टोपी मात्र हा घालतो.

प्रीतमनेही मला मित्रासाठीच घेतलं. प्रीतम शिरगावचा, वय एकोणतीस. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माल तपासायचं काम करतो. केळव्याच्या दिशाशी त्याचं लग्न ठरलं होतं, फेब्रुवारीतली तारीख निघाली होती. आणि कपाळ दर महिन्याला बोटभर मागे सरकत होतं. त्याच्या मते दोष हेल्मेटचा, बोईसरच्या पाण्याचा आणि रात्रपाळीचा. घरी वडील विश्राम साठीतही भरघोस केस राखून होते. खिशात कंगवा ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे की आमच्या खानदानात टक्कल नाय. त्यामुळे पोराला आणखीच चोरट्यासारखं व्हायचं.

त्याने मला मधल्या खोलीतल्या आरशाच्या फळीवर ठेवलं. तिथे आल्यावर मला कळलं की माझ्या आधीच्या दोघी बहिणी महिना महिना पुरायला हव्या होत्या, त्या प्रत्येकी अठरा-वीस दिवसांतच संपल्या होत्या. का संपल्या ते पहिल्याच दुपारी समजलं.

प्रीतम पहिल्या पाळीला गेला होता. विश्राम वाडीत केळींना पाणी लावत होते. प्रीतमची आई प्रेमला हात पुसत खोलीत आली, दाराची कडी घातली, डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि मला उचललं. मी तिचा भांग पाहिला. भांग कसला, चांगली पायवाट होती. तिने अंदाजाने ड्रॉपर भरला, थेंब थेंब करत भांगावर सोडला, आणि मला होतं तिथे, होतं त्याच बाजूला तोंड करून ठेवलं. चोरी इतकी नीटनेटकी की मला तिचं कौतुकच वाटलं.

आता ती चोरी का करत होती ते सांगते, नाहीतर तुम्ही तिला नावं ठेवाल. त्यांच्या वाडीत कागडा आहे. पांढऱ्या लांबट कळ्यांचं फूल, थंडीत बहरतं. प्रेमला तीस वर्षं पहाटे कळ्या खुडते आणि वेण्या गुंफते. गावातल्या निम्म्या अंबाड्यांवर तिच्या हातची वेणी असते. त्या घरची रीत अशी की मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या आईने स्वतः गुंफलेली, स्वतःच्या वाडीची वेणी माळायची. तिच्या सासूने माळली होती, सासूच्या सासूने माळली होती. लग्न ठरलं त्या आठवड्यात प्रेमलाने गुपचूप आरशासमोर एक वेणी माळून पाहिली. अंबाडा राहिला होता लिंबाएवढा. वेणी घसरली आणि खांद्यावर येऊन पडली. बाई पलंगावर बसून रडली.

कुणाला सांगायची सोय नव्हती. चौपन्नाव्या वर्षी केसांची काळजी करते म्हटल्यावर लोक विचारणार, लगीन पोराचा हाय की आयचा? तेवढ्यात पोरगा फळीवर बाटली ठेवून रोज काहीतरी लावताना दिसला. पोराला लागू पडेल ते आईला का नाही पडणार, असा तिचा सरळ हिशेब होता. दोन महिन्यांत तिच्या भांगाशी काही झालं असेल-नसेल, पण गालांवर आणि ओठांवर बारीक लव मात्र आली. विश्राम एकदा जेवताना म्हणाले की आपल्या घरात दुसरी मिशी फुटतेय वाटतं. तिने त्यांना भाकरी वाढलीच नाही.

इकडे प्रीतम अस्वस्थ होता. औषध महिना का पुरत नाही? कारखान्यात टाकीतला माल कमी भरला की ते लोक पातळीची खूण करून पहारा ठेवतात. त्याने तेच केलं. कारखान्यातलं न पुसणारं मार्कर आणलं, मला ट्यूबलाइटपुढे धरलं आणि माझ्या अंगावर रेघ मारली. शेजारी तारीख, वेळ आणि स्वतःची सही. मी औषधाची बाटली, माझा पार पंचनाम्याचा कागद करून टाकला.

दुपारी प्रेमला आली, तिने औषध लावलं, आणि मग तिला रेघ दिसली. औषध रेघेच्या खाली गेलं होतं. तिच्या कपाळावर घाम आला. मग ती मला घेऊन स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी ड्रॉपरने घेतलं आणि रेघेला बरोबर टेकेपर्यंत माझ्यात सोडलं. वेण्या गुंफणारा हात, थेंबाचीही चूक नाही.

संध्याकाळी प्रीतमने पाहिलं, पातळी जागच्या जागी. तो खूश. सकाळी औषध लावून त्याने नवी रेघ मारली. दुपारी पुन्हा पाणी. असं दहा-बारा दिवस चाललं. माझी अवस्था काय सांगू? मला पाणी सोसत नाही. माझं औषध स्पिरिटात विरघळतं, पाणी वाढलं की ते रुसतं, त्याचे खडे होतात आणि तळाशी बसतात. पोटात वाळू घेऊन मी फळीवर बसले होते आणि बोलायची सोय नव्हती.

एका रविवारी सकाळी प्रीतमने मला हलवलं. पांढरे कण गरगरले. दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर औषध गोठलं म्हणून उन्हात ठेवलं असतं. पण हा आठ वर्षं असलेच खडे पाहत आलेला माणूस. त्याने मला उजेडापुढे धरलं, वास घेतला, एक थेंब बोटांवर चोळला आणि म्हणाला, "याच्यात पाणी हाय." पण घरात पाणी कोण घालेल? त्याला एकच चोर दिसला, दिनानाथ. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, वर कारखान्यातल्या नमुन्यासारखी तारखेची चिठ्ठी चिकटवली, आणि गाडीला किक मारली. प्रेमलाने सगळं ऐकलं होतं. दोरा संपलाय, मलाही बाजारात सोड, म्हणत ती मागे बसली. शिरगाव ते पालघर मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होते. प्रत्येक खड्ड्याला ती मला आणखी घट्ट धरत होती.

दुकानात गर्दी होती. प्रीतम मला मित्रासाठी घेऊन गेला होता हे तो पार विसरला. त्याने सगळ्यांसमोर मला काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं की हा भेसळीचा माल आहे, मी तपासलाय, आणि उद्याच लेखी तक्रार जाणार. दिनानाथचा चेहरा उतरला. त्याने कपाटातून माझी एक बहीण काढली, सगळ्यांसमोर तिचं सील फोडलं, वाटीत औषध ओतून दाखवलं. स्वच्छ होतं. प्रीतम म्हणाला, ही चांगली असेल, माझी नव्हती. रांगेतल्या एकाने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. बावीस वर्षांचं नाव त्या काउंटरवर पणाला लागलं होतं.

प्रेमला खांबाशी उभी होती. एवढ्या माणसांत तोंड उघडायचं म्हणजे जन्माची लाज. गप्प राहिली असती तर तिचं गुपित सुरक्षित होतं.

"थांब रे प्रीतम," ती म्हणाली. "त्याच्यात पानी मी घातला."

"तू? कशाला?"

"तू रेघ मारायचास ना. मी लावायची रोज. मग कमी व्हायचा, म्हनून पानी." तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि मान खाली घातली. "माजे पन जातात रे."

ज्याने मोबाइल धरला होता त्याने तो खाली घेतला. प्रीतम आईच्या डोक्याकडे बघत राहिला. स्वतःच्या डोक्याचे त्याने चार बाजूंनी दीडशे फोटो काढले होते. आईचं डोकं तो रोज बघत होता आणि त्याने ते एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली. दिनानाथपुढे त्याने हात जोडले.

दिनानाथ रागावला असता तरी चाललं असतं. पण त्याने प्रेमलाला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मग तिच्या गालांकडे बघून समजावलं की ही बाटली पुरुषांची, तुमच्यासाठी जास्त कडक, म्हणून ही लव आली. मनाने काही लावू नका, बोईसरला डॉक्टर हिना आहेत, त्यांना दाखवा.

मायलेक एकाच बाकावर बसून दाखवून आले. डॉक्टरीणबाईंनी प्रेमलाला विचारलं की तुमच्या माहेरी कुणाला टक्कल आहे का. तिचे वडील पस्तिशीत टकले झाले होते. बाई म्हणाल्या, हे आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही. हेल्मेट बिचारं सुटलं. प्रेमलाला रक्ताच्या तपासण्या आणि कमी ताकदीची वेगळी बाटली मिळाली, आणि खरं काय तेही सांगितलं गेलं. फरक दिसला तर पावसाळ्याच्या आसपास दिसेल, लग्नापर्यंत नाही.

घरी येऊन तिने ती नवी बाटली माझ्या शेजारी ठेवली. वेणीचं नाव काढलं नाही. ते चित्रण मात्र तोवर गावभर फिरलं होतं. चार दिवस ती विहिरीपलीकडे गेली नाही. पाचव्या दिवशी मागच्या दारी शेजारीण आली, इकडे-तिकडे बघून म्हणाली, "प्रेमला, त्या डागतरीनबायचा नंबर दे गो." त्या आठवड्यात नऊ बायका आल्या. त्यातल्या चौघींचे अंबाडे निम्मे गंगावनाचे, म्हणजे विकतच्या केसांचे होते. तीस वर्षं त्यांना वेण्या विकल्या, पण प्रेमलाला पत्ता नव्हता. ती इतकी हसली की विश्राम वाडीतून धावत आले.

लग्नाच्या सकाळी मधली खोली बायकांनी भरली होती. पालघरहून केस बांधायला आलेल्या मुलीने पिशवीतून एक मोठा खोटा अंबाडा काढला आणि म्हणाली, हा लावला की हातभर वेणीसुद्धा बसेल. प्रेमलाने तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. मग तिने केळीच्या पानातून स्वतःची वेणी काढली. बोटभर लांब. एवढी लहान वेणी तिने आयुष्यात कुणासाठी गुंफली नव्हती.

"हायत तेवड्यातच माळ," ती म्हणाली.

मुलीला ते जमेना. एका हाताने विरळ केस धरायचे, दुसऱ्याने आकडा लावायचा, तोवर केस सुटायचे. दारात मुंडावळ्या बांधलेला प्रीतम उभा होता. वऱ्हाडाची गाडी बाहेर थांबली होती, विश्राम हाका मारत होते. तो आत आला, आईच्या मागे उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तिचे केस धरले. अगदी हलके, एकही तुटू नये असे. मुलीने आकडा लावला. वेणी बसली.

"आये," तो हळूच म्हणाला, "तुजा डोका अगदी माज्यासारका हाय."

"तुजा माज्यासारका हाय," प्रेमला म्हणाली. "आदी मी आले."

आता मी औषधाची राहिले नाही. विश्रामनी मला धुऊन घेतलं आणि माझ्यात पंपाचं तेल भरलं. तेलाच्या बाटल्यांना नावं ठेवायची त्याची ही शिक्षा असावी. वाडीतल्या खोपटात खिळ्याला टांगलेली असते. प्रीतमचं कपाळ सध्या आहे तिथे थांबलंय, आणि दिशाला त्याचं काही वाटत नाही. प्रेमलाचं अजून सांगता येत नाही, पावसाळा यायचाय.

औषध कोणतं, किती लावायचं, ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरातली बाटली लवकर संपायला लागली, तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी एकदा आईच्या मागे जाऊन बसा.