समितीने न पाहिलेला कॅलिपर

“बाबा, हे काढून ठेवल्यावर तुम्हाला उभं राहता येतं का?”

हा प्रश्न विचारायची सिवारची पैज लागली होती. शाळेत एमना आणि इतर मैत्रिणींनी तिला डिवचले होते, एवढी बोलतेस ना, मग हे घरी विचारून दाखव. सिवार पंधरा वर्षांची, अख्ख्या वर्गाला पुरून उरणारी. पण त्या घरात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. आणि मित्रांनो, प्रश्नातले ‘हे’ म्हणजे मी.

मी पायाला बांधायचा एक जुना कॅलिपर आहे. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे चार पट्टे आणि गुडघ्यापाशी एक कडी. कडी खाली सरकवली की गुडघा वाकत नाही आणि माणूस उभा राहतो. ट्यूनिसमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पूर्वी तो घोड्यांची खोगिरे शिवायचा, त्यामुळे मला वाटे, आपण धावणार. धावलो कधीच नाही. स्वप्नात मात्र अजून धावतो.

सिवारचे बाबा दोन वर्षांचे असताना पोलिओने त्यांचा डावा पाय मनगटाएवढा बारीक करून ठेवला. गाव त्यांना मानाने सी लझहर म्हणते. घरी बसून ते मातीच्या ताटल्यांवर निळी नक्षी रंगवतात. दुपारी जेवण झाले की मला सोडतात आणि खिडकीपाशी टेकवून ठेवतात. एप्रिलमध्ये सिवारची आई मब्रूका तिथेच पांढऱ्या चादरीवर कडू संत्र्याची फुले पसरते, त्यांचा अर्क काढते. त्या वासाने मला गुंगी येते. मग मी एकटाच बागेत फिरतो, पट्टे सैल, कडी वर, आणि माझ्या आत कोणाचे तरी उबदार पाऊल असते.

माझे कौतुक कोणी केले नाही. कसे करणार? सैल पँटच्या आत मी दिसू नये, हेच तर माझे काम.

सी लझहरना सरकारने एक कार्ड दिले आहे. त्यावर दर महिन्याला मदत मिळते, दवाखाना फुकट असतो आणि माझे झिजलेले पट्टेही बदलून मिळतात. पण कार्ड एकदा दिले की संपले, असे नसते. ज्यांचे दुखणे बरे होण्यासारखे असते त्यांना लवकर लवकर बोलावतात, आमच्यासारख्यांना काही वर्षांनी. आधी पत्र येते. मग डॉक्टरचा नवा दाखला घेऊन समितीपुढे जायचे. समिती जुनी फाइल उघडते आणि एवढेच पाहते, की तेव्हा जे जमत नव्हते ते आता जमते का. त्यात वाईट काही नाही. माणसे बरी होतातही.

गेल्या हिवाळ्यात आमचे पत्र आले. सी लझहरनी गुळगुळीत दाढी केली, ईदचा तपकिरी कोट घातला, कुरकुर नको म्हणून माझ्या कडीला तेलही दिले. कचेरीत आम्ही बसलो होतो, इतक्यात समितीच्या डॉक्टरबाई आत आल्या आणि सी लझहर उठून उभे राहिले. बाई आत येतात आणि पुरुष बसून राहतो, असे आमच्याकडे होत नाही. उठता उठता त्यांनी कडी सरकवली, एका हाताने टेबल धरले, दुसरा छातीवर ठेवला. मी जीव एकवटून ताठ राहिलो. जन्मात इतका सुरेख उभा राहिलो नव्हतो.

बाईंनी विचारले, कसे आहात? सी लझहर म्हणाले, अल्हम्दुलिल्लाह, छान. जिना चढता? देवाच्या कृपेने. घरात पडता का कधी? नाही हो, तो सांभाळतो. परक्यापुढे रडगाणे गायचे नाही, हे त्यांना बोलायच्याही आधी शिकवले असावे. बाहेर रांग मोठी होती. पँट वर करा, असे कोणी म्हटले नाही. बाई लिहीत गेल्या. मी आतून ओरडत होतो, पण लोखंडाचे कोण ऐकतो?

मार्चच्या अखेरीस निकाल आला. प्रकृतीत सुधारणा, मदत बंद. खाली बारीक अक्षरात होते की मान्य नसेल तर मुदतीच्या आत हरकत घ्या, समिती पुन्हा बसेल.

मब्रूकाने कागद दोनदा वाचून घेतला. “अहो, तुम्ही तपासणीला गेला होतात की मुलगी मागायला?”

सी लझहर हसले नाहीत. सरकार बरा म्हणते तर बरा, असे म्हणून त्यांनी कागद कपाटात ठेवला. सिवारने हे शाळेत सांगितले, तेव्हा एमना म्हणाली, मग खरंच बरे झाले असतील. तिथून ती पैज लागली.

आणि त्या दुपारी सिवार विचारून बसली. मब्रूकाच्या ओंजळीतली फुले ओंजळीतच राहिली. सी लझहरनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “बघ.” खाटेच्या कडेला हात रोवून त्यांनी अंग उचलले. डावा पाय ओल्या फडक्यासारखा मुडपला आणि ते होते तिथेच मागे पडले. मी हातभर अंतरावर भिंतीला टेकून होतो, नुसता बघत.

“नाही येत, सिवार. क्षणभरसुद्धा नाही. तू तान्ही असताना रडायचीस ना, तर हे पट्टे बांधून होईपर्यंत तू रडून रडून झोपलेली असायचीस.”

“मग हे त्यांना का नाही सांगितलंत?”

“त्यांनी कसे आहात म्हणून विचारलं गं. त्यावर कोणी हे सांगतं का?”

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. माझ्यासारख्यांना वेळेवर तेल द्या, पट्टे झिजले की बदला. आणि कोणी ताठ उभा दिसला तर तो कशावर उभा आहे, हेही एकदा विचारा. माणूस आपणहून सांगेलच असे नाही.

सिवारने कपाटातून तो कागद काढला. मुदत संपायला तीन दिवस उरले होते. फुलांची चादर बाजूला सारून ती तिथेच हरकत लिहायला बसली, बाबांची सही घेतली आणि मग दोघांकडे वळली.

“समितीपुढे मीपण येणार आहे,” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही कोट घाला, उठून उभे राहा, काय हवं ते करा. पण तुम्ही ‘छान’ म्हणालात की मी ‘नाही’ म्हणणार. चारचौघांत, तुमच्या तोंडावर. आई, तूही ऐक. रागवायचं असेल तर दोघांनी आत्ताच रागवून घ्या.”