पासवर्डचा रकाना

मी एक पासवर्ड बोलतोय. आता बोलायला हरकत नाही, कारण मला कामावरून काढलंय. कामावर असतो तर तोंडातून एक अक्षर काढलं नसतं, एवढा पक्का मी होतो.

रेणापूरच्या धम्मप्रियानं मला घडवलं. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी ती लातूरला क्लासला आली, तेव्हा तिला मेलचं खातं उघडावं लागलं. घरच्या शेळीचं नाव आणि बाबांनी शंभरदा सांगितलेली भूकंपाची तारीख जोडून मी तयार झालो. दोन वर्षं तिचा मेल मी एकट्यानं राखला. फुशारकी मारत नाही, पण कुणाची आत यायची छाती झाली नाही.

तिच्या वसतिगृहात मोबाइल कपाटात बंद असायचे, रविवारी तासभर मिळायचे. हॉलतिकिटाचा मेल चुकू नये म्हणून तिनं मला बाबांच्या कानात सांगितलं. बापच तो, माझी तक्रार नव्हती.

बाबा म्हणजे व्यंकटराव, तहसील कचेरीतले कारकून. तीस वर्षं त्यांनी लोकांचे फॉर्म एकाच कारणासाठी परत केले होते, रकाना रिकामा का ठेवला म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या बसवंतनं त्यांच्या मोबाइलात एक ॲप टाकून दिलं. सगळे मेल एका जागी दिसतात म्हणे. ते ॲप मेलवाल्या कंपनीचं नव्हतंच, कुणा तिऱ्हाइताचं होतं. त्यात पासवर्डचा रकाना दिसला. व्यंकटरावांनी चष्मा पुसला आणि मला नीट भरून टाकलं. मी आतल्या आत बोंबलत होतो, पण आमचं कोण ऐकतंय!

ॲपवाल्यानं मला स्वतःकडं ठेवून घेतलं आणि तिथून मी एका भामट्याच्या हाती लागलो.

रविवारी धम्मप्रियानं मेल उघडला. परीक्षेच्या साइटकडून नुकतंच पत्र आलं होतं, 'पासवर्ड बदलण्याची तुमची विनंती मिळाली.' तिनं विनंती केलीच नव्हती. तिनं हात लावायच्या आत, तिच्या डोळ्यांदेखत, ते पत्र 'वाचलेलं' झालं. म्हणजे आत दुसरं कुणीतरी होतं. परीक्षेचं खातं गेलं तर हॉलतिकीट जाणार, आणि अख्खं वर्षही.

पोरगी घाबरली, पण थांबली नाही. सगळ्यांना मेलबाहेर काढलं, मला बदललं, परीक्षेच्या साइटवरही नवा पासवर्ड ठेवला. खातं वाचलं. मग घरी फोन लावला.

"बाबा, पासवर्ड कुणाला दिला का?"

"कुणालाच न्हाई. ॲपमधी रकाना होता, म्हणून भरला."

"ॲप म्हंजे बी परकंच की, बाबा. मेलच्या सवताच्या पानाबिगर पासवर्ड कुठंच टाकायचा न्हाई." तिनं झालेलं सगळं सांगितलं.

"माझ्यापायी तुझं वर्ष गेलं असतं, पोरी," व्यंकटराव म्हणाले. मग सवयीनं विचारलंच, "नवा काय ठेवलास?"

ती अडखळली. बापाला नाही म्हणायची तिची पहिलीच वेळ.

"न्हाई सांगणार, बाबा. दर रविवारी मीच मेल बघीन, हॉलतिकीट आलं की फोन करीन."

आता म्हातारा दुखावणार, असं मला वाटलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला बी सांगू नको."

माझ्या जागी आलेल्या नव्या गड्याची मला आता काळजी नाही. तुमच्याकडं आमच्यातला जो कुणी असेल, त्याला मात्र सांभाळा. आम्हाला कुणाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचं असतं.